फायबर कुजत नाही, आतली फळी कुजते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी आपल्या रविवारच्या अंकात कोकण किनाऱ्यावरच्या बदलत्या होड्यांवर लेख आला होता. लेख चांगला होता. पण त्यात एक वाक्य असं होतं की लाकडी होडीला दरवर्षी तेल-डागडुजी लागते आणि फायबरच्या होडीला मात्र देखभाल जवळपास लागतच नाही. आमच्याकडे जेटीवर आणि चहाच्या टपरीवरही सगळे हेच म्हणतात. "फायबर खंय कुसता?" असं विचारलं की समोरचा गप्प बसतो. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. जागा जास्त घेतो आहे, सांभाळून घ्यावं.

फायबर कुजत नाही हे खरंच. पण सोळा-अठरा फुटी होडीची मागची उभी फळी, जिच्यावर आउटबोर्ड मशीन, म्हणजे होडीबाहेर टांगायचं इंजिन, अडकवतात आणि जिला होडी बांधणारे ट्रान्सम म्हणतात, ती बहुतेक होड्यांत नुसत्या फायबरची नसते. बाहेर एक फायबरचा पापुद्रा, आत एक पापुद्रा आणि मध्ये लाकूड, बहुधा प्लायवूड. ते दिसत नाही, त्यामुळे ते तिथे आहे हेच कुणाच्या ध्यानात राहत नाही. वरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा रंगीत गुळगुळीत थर, चकाचक असताना ते आत कुजत जातं. आणि मशीनचं सगळं वजन, सगळा जोर नेमका तिथेच येतो. मशीन चालू असताना पंखा होडीच्या बुडाखाली पाण्यात असतो आणि मशीनची पकड फळीच्या वरच्या कडेला. पंखा पुढे रेटतो तसा पकडीचा खालचा भाग फळीत घुसायला बघतो आणि वरचा भाग फळीला मागे ओढतो. लाटांवर होडी आपटते तेव्हा मशीनचं वजन वेगळंच. हे सगळं दिवसभर सहन करायला मध्ये लाकूड घातलेलं असतं. तेच गेलं तर दोन पापुद्रे उरतात, आणि त्यांच्याकडून हे काम होत नाही.

मी सुतार आहे. दुकान आता मुलगा बघतो. वडील होड्या बांधायचे. साग परवडला तर साग, नाहीतर ऐन, फणस. लाकूड बसवण्याआधी त्याला सगळ्या अंगांनी तेल पाजायचं ही त्यांची शिस्त, आणि मोरीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, तेलाचा वास आमच्या घरातून कधी गेलाच नाही. फायबर आलं तसं ते काम बसलं. मी दारं, पलंग, देवघरं याच्यावर पोट भरलं. खाडीत माझी स्वतःची सतरा फुटी फायबर होडी आहे, मासळीपुरती. पुतण्या हंगामात तिच्यातून पर्यटक फिरवतो. तिचीच मागची फळी आम्ही यंदा घरी, मागल्या अंगणात बदलली. त्यामुळे हे ऐकीव नाही.

फळी कुजली आहे की नाही हे बघायला कुणी इंजिनीअर लागत नाही. मशीन वर उचलून लॉक करावं आणि त्याच्या पायावर हाताने दाब द्यावा. दुसऱ्या माणसाने त्या वेळी फळीकडे बघावं. फळी लवली, किंवा फळी आणि बाजूच्या भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यांत केसासारख्या चिरा उघडताना दिसल्या, तर संशय घ्यावा. मग छोट्या हातोडीने फळी सगळीकडून वाजवावी. चांगली फळी खणखणते, कुजलेली भद्द वाजते. आवाजावर विश्वास नसेल तर आतल्या बाजूने सहा मिलिमीटरच्या बिटाने भोक पाडावं. बिटाला टेप गुंडाळून खूण करावी म्हणजे आरपार जात नाही. भुसा कोरडा आणि पिवळसर आला तर देवाला नारळ द्यावा आणि भोक इपॉक्सीच्या (दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या गोंदाच्या) पुट्टीने बुजवून टाकावं. भुसा काळपट, ओला, बोटाला चिकटणारा आला तर पुढचं वाचावं. आम्ही पहिलं भोक होडीतलं पाणी सोडायच्या तळाच्या बुचाशेजारी पाडलं, कारण पाणी शेवटी तिथेच जमतं. बिट बाहेर ओढलं तशी त्या भोकातून तपकिरी पाण्याची बारीक धार लागली, आणि आंबट वासाने पुतण्याने नाक धरलं. होडी तेव्हा कितीतरी दिवस कोरड्यात होती.

पाणी जातं कुठून? फळीला मारलेल्या प्रत्येक स्क्रूमधून. शिडी लावायची म्हणून चार स्क्रू, मासे शोधणाऱ्या यंत्राचा ब्रॅकेट म्हणून दोन, दोर बांधायची कडी म्हणून आणखी दोन, आणि एकालाही सीलंट नाही. बुचाच्या भोकाची आतली कड उघडी. मशीनच्या शिकंज्याच्या गोल चकत्या घासून घासून पापुद्रा खातात ते वेगळंच. काही होड्यांत तर फळीची वरची कड मुळातच उघडी असते, वर नुसती ॲल्युमिनियमची पट्टी ठोकलेली. एकदा पाणी आत शिरलं की दोन पापुद्र्यांमधून त्याला बाहेर पडायला वाट नसते.

आता एक गोष्ट लोकांना पटत नाही, पण खरी आहे. फळी खाऱ्या पाण्याने कुजते त्यापेक्षा पावसाच्या पाण्याने जास्त कुजते. मीठ बुरशीला मानवत नाही. गोडं पाणी आणि थोडी हवा एवढं मिळालं की बुरशी लाकूड खाऊ लागते. लाकडात वीस टक्क्यांच्या आत ओल असेल तर ती जगत नाही. लाकूड पूर्ण पाण्याखाली असेल तरी हवा नसल्याने ती जगत नाही. मधलं अंतर तिच्या सोयीचं. आणि आपण काय करतो? मेअखेरीला होडी वर ओढतो, वर चार झापं किंवा फाटकी ताडपत्री टाकतो आणि शंभर इंचांच्या वर पाऊस होडीत पडू देतो. बूच काढून ठेवायचंही कित्येकांना सुचत नाही. होडी नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, उंच करून ठेवली आणि बूच काढलं, एवढंच केलं तरी फळीचं आयुष्य वाढतं. त्याला पैसा लागत नाही.

फळी आतून बदलायची की बाहेरून, यावर जेटीवर भरपूर वाद होतात. मी आतून बदलण्याच्या मताचा. बाहेरचा पापुद्रा होडीचा आकार धरून ठेवतो. तो तसाच ठेवला तर नवीन फळी त्याला टेकवून बसवता येते आणि बाहेरून काही दिसतही नाही. ज्यांच्या होडीत मागे बंदिस्त खोका किंवा टाकी आहे त्यांना आतून हात पोचत नाही, त्यांनी बाहेरून करावं. वरून लाकूड उकरून काढून त्यात घट्ट होणारं मिश्रण ओतायची पद्धतही आहे. ते साहित्य आमच्या बाजारात मिळत नाही, म्हणून त्याबद्दल मी बोलत नाही. एकाने लाकडाऐवजी भाजी कापायच्या फळीचं जाड पांढरं प्लास्टिक बसवलं होतं, न कुजणारं म्हणून. न कुजणारं आहेच, पण त्याला रेझिन, म्हणजे काचेचं कापड भिजवून फायबर बनवायचं चिकट द्रव्य, चिकटत नाही. पहिल्याच हंगामात फायबर एकीकडे आणि प्लास्टिक दुसरीकडे.

आतला पापुद्रा चार इंची ग्राइंडरने कापायचा. कडेने दोन-तीन इंच पट्टी ठेवायची, म्हणजे नवीन थर पकडायला जुनं फायबर उरतं. पाती आरपार जाऊन बाहेरचा पापुद्रा कापू नये म्हणून खोली बेताची ठेवायची. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट यांना पर्याय नाही. काचेची धूळ अंगाला लागली की रात्री झोप येत नाही, आणि फुफ्फुसात गेली तर विचारायलाच नको. पापुद्रा उचलला तेव्हा आमच्या फळीचा वरचा वीतभर भाग जसाच्या तसा होता, प्लायचे थर मोजता येत होते. खालचा भाग मात्र चहाचा चोथा. पटाशीची गरजच पडली नाही, थापीने खरवडून बादलीत भरला. चांगला दिसणारा वरचा भाग ठेवायचा मोह होतो. तो अजिबात ठेवू नये, ओल आणि बुरशी त्यातही पोचलेली असते. सगळं काढावं, बाहेरच्या पापुद्र्याची आतली बाजू चाळीस नंबरच्या डिस्कने घासून खडबडीत करावी, ॲसिटोनने पुसावी आणि पंखा लावून वाळू द्यावी. इथे घाई करणाऱ्याने पुढचं काम करूच नये.

प्लायबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण तो माझा प्रांत. दुकानात "वॉटरप्रूफ प्लाय" मागितला की दुकानदार काहीही देतो. प्लायवर आयएस (भारतीय मानक) ३०३ असेल तर तो घरातल्या सामानाचा. होडीला आयएस ७१० पाहिजे, म्हणजे मरीन. या मानकात प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून बघतात की थर सुटतात का. शिक्का बघावा, पण शिक्क्यावर थांबू नये, कारण शिक्का छापायला काय लागतं? मी शीट घेण्याआधी कापलेली कड बघतो. थरांमध्ये फट, पोकळी किंवा एकावर एक चढलेले तुकडे दिसले की शीट परत. आणि घरी आणल्यावर वीतभर तुकडा न्हाणीच्या चुलीवरच्या भाणात टाकून ठेवतो. आंघोळीचं पाणी रोज तापतंच, त्यात तोही उकळतो. आठवडाभराने थर बोटाने सुटला नाही तर प्लाय खरा. मानकाप्रमाणे मरीन प्लायला बुरशीचं औषधही दिलेलं असतं, तरीही त्याची कापलेली कड उघडी ठेवली तर पाणी थरांतून आत चढतंच. म्हणजे माल कितीही चांगला घेतला तरी कडा रेझिनने बंद करणं सुटत नाही. आमच्या होडीला १९ मिलिमीटरचे दोन थर लागले, एका आठ बाय चारच्या शीटमध्ये दोन्ही बसले. एकच जाड फळी घेण्यापेक्षा दोन थर बरे. बाहेरचा पापुद्रा थोडा वक्र असेल तर पातळ थर त्याच्याबरोबर वळतो.

साचा फ्रीजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा केला. ट्रान्सम सरळ उभी नसते, मागे बारा-पंधरा अंश कललेली असते, म्हणून प्लायची खालची कड काटकोनात कापून चालत नाही. तिरकस गुण्याने कल घेऊन रंध्याने ती कड मारावी लागते. हे न केल्यास तळाशी त्रिकोणी पोकळी राहते आणि पुढचं पाणी नेमकं तिथे जाऊन बसतं. वरच्या कडेची उंचीही जुन्या फळीवरून मोजून घ्यावी. आउटबोर्ड १५, २० आणि २५ इंचांच्या मापात येतात, आणि पंख्यावरची आडवी पट्टी साधारण होडीच्या बुडाच्या पातळीत आली पाहिजे. इंचभर चूक झाली तर मशीन हवा ओढतं किंवा पाणी उडवतं.

आता चिकटवणं. बांधणीवाले बहुतेक पॉलिएस्टर रेझिनवरच काम करतात, कारण ते स्वस्त आहे. लाकडाला इपॉक्सी जास्त घट्ट धरते, म्हणून माझं मत असं की लाकूड बसवायला इपॉक्सी वापरावी. पण मग वरचे थरही इपॉक्सीचेच द्यावे लागतात, कारण सुकलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. आणि इपॉक्सीबरोबर ती काचेच्या तुकड्या-तुकड्यांच्या धाग्यांची चटईसारखी मॅट चालत नाही. तिच्यातला गोंद पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, मॅट कडकच राहते. काचेचं विणलेलं कापड घ्यावं. खर्च झेपत नसेल तर सगळं पॉलिएस्टरने करावं, त्यातही काम होतं. मात्र प्लायला आधी पातळ रेझिनचे हात पाजून घ्यावेत, विशेषतः कडांना. वडील तेल पाजायचे त्याच कारणासाठी.

दोन थर एकमेकांना चिकटवून, स्क्रूने आवळून आदल्या दिवशी तयार ठेवावेत. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या पापुद्र्याला आतून भरपूर पुट्टी थापावी, खाचे पाडून, आणि फळी दाबून बसवावी. मशीनच्या जुन्या भोकांतून लांब बोल्ट घालून दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या लावून आवळलं की कडेने पुट्टी बाहेर येते. सगळ्या बाजूंनी आली तर आत पोकळी नाही असं समजावं. जिथे आली नाही तिथे लगेच फळी काढून पुट्टी भरावी, उद्यावर टाकू नये. पुट्टी मोठ्या मगात एकदम कालवू नये. मगात ती स्वतःच्याच उष्णतेने तापून धुरायला लागते, पसरट ट्रेमध्ये घेतली तर वेळ मिळतो. फळी आणि तळ, फळी आणि बाजू यांच्या कोनात पुट्टीची गोलाई द्यावी, काचेचं कापड काटकोनात वळत नाही. मग पॉलिएस्टर असेल तर मॅट, विणलेलं कापड, मॅट, असे थर; इपॉक्सी असेल तर नुसत्या विणलेल्या कापडाचे. प्रत्येक थर मागच्यापेक्षा थोडा पुढे, तळावर आणि बाजूंवर वीतभर चढवून. मॅटला तिच्या वजनाच्या दुपटीहून जरा जास्त रेझिन लागतं, विणलेल्या कापडाला साधारण तेवढ्यास तेवढं. दात्याचा रोलर फिरवून बुडबुडे काढले नाहीत तर थर दिसायला जाड आणि आतून पोकळ.

पॉलिएस्टरने काम करणाऱ्यांना एक गोष्ट बजावून सांगायची आहे, कारण हे काम आता पोरं मोबाईलवर बघून करतात. पॉलिएस्टरबरोबर दोन बाटल्या येतात. एक जांभळट, कोबाल्टची, रेझिन घट्ट व्हायला वेग देणारी. दुसरी पाण्यासारखी, तिला बाजारात हार्डनर किंवा कॅटॅलिस्ट म्हणतात, ती एमईकेपी. या दोन बाटल्या कधीही एकमेकींत ओतू नयेत. थेंबभर मिसळल्या तरी भडका उडतो, जास्त असतील तर स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण कालवायचं, मग वेगळ्या मापाने, वेगळ्या काडीने हार्डनर टाकायचं. एक किलो रेझिनला दहा ते वीस मिली, उन्हाळ्यात दहाच्याच आसपास. काही दुकानांत कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मिळतं, नवख्याने तेच घ्यावं. हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जातो. आमच्या दुकानात हार्डनर पत्र्याच्या कपाटात वेगळं ठेवतात आणि चष्म्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही असा नियम आहे. मुलगा कुरकुरतो, पण पाळतो. रेझिनचा डबा घरात, स्वयंपाकघराशेजारी ठेवू नये, त्याची वाफ पेट घेते.

सगळं झाल्यावर बहुतेक लोक मशीनची भोकं सरळ पाडतात आणि बोल्ट घालतात. म्हणजे नव्या लाकडात पाणी जायची सोय पहिल्याच दिवशी. भोक आधी मोठं पाडावं, ते इपॉक्सीच्या पुट्टीने पूर्ण भरावं आणि सुकल्यावर त्या पुट्टीतून बोल्टच्या मापाचं भोक पाडावं. बोल्टला चारी बाजूंनी पुट्टी लागते, लाकूड लागतच नाही. बुचाचं भोकही तसंच. शिडी आणि ब्रॅकेटचा प्रत्येक स्क्रू सीलंटमध्ये बुडवून मारावा. शिडीचं काम आम्ही मुद्दाम फळीवरून काढून बाजूला नेलं.

हे काम करायचं कधी, यात खरी गोची आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, पर्यटनाच्या होड्याही पावसाळ्यात बंद. होडी रिकामी असते ती याच दिवसांत. आणि याच दिवसांत हवेत इतकी ओल असते की ना लाकूड वाळतं, ना मॅट कोरडी राहते. ओलसर मॅटवर रेझिन पांढुरकं होतं, आणि दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो धुऊन काढला नाही तर पुढचा थर सुटतो. माझ्या मते फळी मेच्या मध्याला उघडावी आणि मृगाच्या आत बंद करावी. वैशाखात लाकूड पावसाळ्यापेक्षा कितीतरी कोरडं असतं. पण मे म्हणजे पर्यटकांचा भर हंगाम. त्या दिवसांत धंदा बंद ठेवून होडी अंगणात ओढायला कोण तयार होणार? पुतण्याशी माझं यावरून चांगलंच वाजलं. शेवटी मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या आधीचे शेवटचे दिवस त्याने सोडले, मी रात्री दिवे लावून काम केलं आणि नंतर काही दिवस बोलणं बंद होतं. त्यामुळे लोक काय करतात तर "चलता तवसर चलांदे" म्हणतात, आणि फळी जास्तच हलायला लागली की दोन्ही बाजूंनी लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा जाड पत्रा मारून बोल्ट आवळतात. होडी आणखी एक हंगाम काढते. पण पत्र्याखाली लाकूड चेपत जातं, बोल्ट दर आठवड्याला सैल होतात, आणि बाहेरून मजबूत दिसते म्हणून ती होडी विकलीही जाते. जुनी होडी घेणाऱ्याने फळीवर पत्रा दिसला तर आधी पत्रा उघडायला सांगावं. मालक उघडत नसेल तर उत्तर मिळालंच.

आता संपादक महोदय, हे सगळं आपल्याला का लिहितोय. होडीची तपासणी होते तेव्हा लाइफ जॅकेट मोजतात, कागद बघतात, प्रवासी किती लिहिलेत ते बघतात. ते बघायलाच हवं. पण मी पाहिलेल्या एकाही तपासणीत कुणी मागची फळी वाजवलेली नाही. ज्या फळीवर पाऊणशे किलोचं मशीन आणि माणसांचा जीव टांगलेला आहे ती दोन मिनिटं हातोडीने वाजवायला आणि मशीन उचलून एकदा दाबायला काय हरकत आहे? तपासणीच्या कागदावर ही एक ओळ वाढवावी. भर समुद्रात फळी फाटली तर मशीन जातं आणि तिथून पाणी आत येतं. तेव्हा जॅकेट उपयोगी पडतं, पण तोवर वेळ आली कशाला?

दुसरं, बांधणाऱ्यांबद्दल. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, त्यानंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या मोठ्या संख्येने वाटल्या गेल्या, आणि घाईत झालेल्या बांधणीच्या दर्जावर तेव्हाही प्रश्न उठले होते. आपल्याकडे होडी घेताना फळीत काय घातलंय हे कुणी विचारत नाही आणि कुणी लिहून देत नाही. बिलावर "ट्रान्सम: मरीन प्लाय, इतके थर, कडा बंद" असं लिहून घ्यावं. अनुदानातून घेतल्या जाणाऱ्या होड्यांना तर ही अट घालता येईल. लाकडावर नीट काम केलं तर ते टिकतं, याला शंका नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाच्या लाकडासारख्या मामुली लाकडावर प्रक्रिया करून, वर फायबर चढवून होड्या बनवून दाखवल्या आहेत.

तिसरं, जागा. प्रत्येक मोठ्या जेटीजवळ एक पत्र्याची शेड, वीज आणि दोन पंखे एवढं असलं तरी चार माणसांना आपापली होडी पावसातही दुरुस्त करता येईल. अंगण सगळ्यांना नसतं. आणि सगळ्यांच्या बायका रेझिनचा वास महिनाभर सहनही करत नाहीत. आमच्या घरी यावर स्वतंत्र पत्र होऊ शकेल. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवतात, वेल्डिंग शिकवतात. फायबरचं काम तिथे एका कोपऱ्यात सुरू झालं तर पोरांना धंदा मिळेल, आणि कोबाल्टची बाटली कशी हाताळायची तेही कळेल.

शेवटी एक अडचण, जिचं उत्तर मला कुणाकडूनच मिळालेलं नाही. कापलेलं जुनं फायबर टाकायचं कुठे? ते कुजत नाही, भंगारवाला घेत नाही, आणि किनाऱ्यावर जाळलं तर काळा विषारी धूर होतो. पुष्कळ जण जाळतात हे मी बघितलं आहे. माझ्याकडे दोन पोती भरून शेडमागे ठेवली आहेत. पावसाळ्यात होड्या उघडल्या जातील तशी अशी पोती गावोगावी वाढतील. ग्रामपंचायतींनी किंवा संबंधित खात्याने त्यासाठी जागा नेमून द्यावी. आपल्या वार्ताहराने या प्रश्नाचा पाठपुरावा केला तर बरं होईल. कुणी बघायला आलं तर पोती दाखवीन, नवीन फळीही दाखवीन.

आपला,
एक सुतार वाचक
कोळंब, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग